शिधा : उपकार नव्हे, देणे

देशातील 80 कोटींहून अधिक नागरिकांना दरमहा मोफत धान्य द्यावे लागते, या वस्तुस्थितीचे दोन परस्परविरोधी अर्थ लावले जातात. सत्ताधारी तिला आपल्या औदार्याचा पुरावा म्हणून मिरवतात. पांढरपेशा वर्ग तीच गोष्ट राष्ट्राच्या अधोगतीची खूण मानतो आणि करदात्यांच्या पैशावर फुकटे पोसले जात असल्याची तक्रार करतो. वरवर पाहता ही मते एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. पण दोहोंचे गृहीत एकच आहे. धान्य घेणारा याचक आहे आणि देणारा दाता आहे, याविषयी दोघांत काडीचाही मतभेद नाही. भांडण आहे ते एवढेच, की दात्याने हात किती सैल सोडावा. समाजवादी कार्यकर्त्याने या भांडणात कोणत्याही बाजूला जाऊन बसण्यापूर्वी मुळात हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे.

गरिबाला अन्न दिले तर तो आळशी होईल, ही भीती नवी नाही. 1876-78 च्या दुष्काळात दख्खनमधील माणसे अन्नावाचून तडफडत असता सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे वेतन दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतके खाली आणले. राबणारा माणूस कमीत कमी किती अन्नावर तग धरू शकतो, एवढाच विचार त्यामागे होता. मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून या कपातीचा निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाने मदतीचे नियम घालून दिले, तेव्हा एक धोका नमूद करून ठेवला. दुष्काळात मदत मागण्याचा गरिबांना हक्क आहे असे एकदा मान्य केले, की एरवीही त्यांना तो हक्क आहे असे मानावे लागेल, अशी ती भीती होती. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना या प्रश्नाचे मर्म बरोबर उमगले होते. दुष्काळाच्या वर्षी जे देणे लागते, ते सुकाळाच्या वर्षी का लागू नये, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. आजही ते कोणापाशी नाही.

या देशातील शिधावाटपाचा जन्मही गरिबांविषयीच्या कळवळ्यातून झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. गिरण्या, गोद्या आणि कारखाने चालू राहावेत, कामगारांत असंतोष माजू नये, ही त्यामागची निकड होती. त्याच वर्षी बंगालमध्ये सुमारे 30 लाख माणसे भुकेने आणि भुकेपाठोपाठ आलेल्या रोगांनी मेली. बाजारात धान्य होते, पण शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांच्या हाती ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. ज्यांच्या श्रमावर युद्धाचा गाडा चालत होता त्यांना शिधा मिळाला, आणि ज्यांच्यावाचून राज्यकर्त्यांचे काही अडत नव्हते ते मेले. शिध्यामागचे राजकारण इतक्या उघडेपणाने क्वचितच दिसले असेल.

स्वातंत्र्यानंतर हे राजकारण बदलावे म्हणून समाजवाद्यांनी भांडण मांडले. 1963 मध्ये फर्रुखाबादहून लोकसभेत गेलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनी देशातील 27 कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे ठणकावून सांगितले. सरकार पंधरा आण्यांचा आकडा पुढे करीत राहिले. तीन आणे की पंधरा आणे, हा वाद केवळ अंकगणिताचा नव्हता. गरीब माणसाच्या ताटात नेमके किती पडते, हा संसदेने विचारण्याजोगा प्रश्न आहे, हे त्या वादाने प्रस्थापित केले. 1972 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळ आणि महागाई यांनी एकाच वेळी गाठले, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी मुंबईच्या रस्त्यावर लाटणे मोर्चे आणले. ग्रामीण भागात लोक रेशनच्या दुकानातील लाल मिलो ज्वारीवर दिवस काढीत होते आणि मे 1973 च्या सुमारास जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. तिच्यासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. 1880 च्या आयोगाला ज्याची भीती वाटत होती, ते तत्त्व महाराष्ट्राने कायद्यात लिहिले.

अन्नाच्या बाबतीत हेच पाऊल टाकायला आणखी 34 वर्षे लागली. 2001 मध्ये सरकारी गोदामांत 6 कोटी टनांच्या आसपास धान्य साठले होते. ते ठेवायला जागा नव्हती, आणि ओरिसातील काशीपूर भागात आदिवासी आंब्याच्या कोयी उकडून खात होते. देशातील दरिद्री कुटुंबांसाठी ठरलेल्या भावाने धान्य परदेशी पाठविण्याचा उद्योगही त्याच सुमारास झाला. या विसंगतीवर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने शाळेतील शिजवलेले भोजन, अंगणवाडीतील आहार आणि रेशन या सरकारच्या मर्जीवरील योजना राहिल्या नाहीत. त्यांना हक्काचे रूप आले. त्यातूनच 2013 चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. ग्रामीण लोकसंख्येच्या 75 टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येच्या 50 टक्क्यांपर्यंत लोकांना दरमहा माणशी 5 किलो धान्य, तेही तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो दराने, मिळण्याची हमी या कायद्याने दिली. अंत्योदय कुटुंबाचा वाटा 35 किलो ठरला. महाराष्ट्रात सुमारे 7 कोटी लोक या कायद्याच्या कक्षेत आले.

आता आक्षेपांकडे वळू या. पहिला आक्षेप आळसाचा. स्वस्त धान्यामुळे मजूर कामावर येत नाहीत, ही बागाईतदारांची आणि ठेकेदारांची नेहमीची ओरड असते. माणशी 5 किलो महिन्याला म्हणजे दिवसाला 165 ग्रॅम. टेंपलचा एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम होता. तो दिवसभराच्या श्रमाचा पूर्ण मोबदला होता आणि आजचा शिधा ही केवळ जोड आहे, हे खरे. पण दोन-तीन भाकरींच्या पिठावर आणि तेल, डाळ, मीठ, औषध, कपडा यांपैकी कशाचीही सोय नसताना कोण आयुष्यभर बसून खाऊ शकतो? तक्रारीत सत्याचा अंश आहे तो निराळा. घरात महिन्याचे धान्य असलेला मजूर पडेल त्या मजुरीला हो म्हणत नाही. तो दोन दिवस थांबतो, दुसरीकडे विचारतो, घासाघीस करतो. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात सावकाराकडून खावटी उचलीत आणि ती दिढी-दुपटीने फेडता फेडता त्याचेच वेठबिगार बनत. ती खावटी ज्याच्या घरी आधीच आहे, त्याला वेठीला धरता येत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो इतका लांबला, याचे एक कारण कामगारांच्या गावाकडे असलेले धान्य आणि तिथला आसरा हे होते. ज्याच्या चुलीला आठ दिवसांचा आधार आहे तोच नकार देऊ शकतो. मजूर आळशी झाला, या तक्रारीचा खरा अर्थ तो थोडासा मोकळा झाला, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांच्या वतीने घेतला जातो आणि तो अधिक गंभीर आहे. शहराला स्वस्त अन्न मिळावे म्हणून शेतमालाचे भाव पाडले जातात, ही भूमिका शरद जोशी यांनी 1980 च्या दशकात मोठ्या ताकदीने मांडली. सक्तीची लेव्ही आणि ज्वारीची एकाधिकार खरेदी पाहिलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ती पटली, यात नवल नाही. परंतु शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि दुकानातील भाव या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असल्याच पाहिजेत असे नाही. त्यांच्यातील अंतर सरकारने तिजोरीतून भरून काढावे, याचेच नाव अनुदान. किंबहुना रेशनसाठी सरकार खरेदी करते म्हणूनच पंजाब-हरियाणातील गहू-तांदळाच्या हमीभावाला काही अर्थ आहे. विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला धान्य विकतच घ्यावे लागते. अल्पभूधारक वर्षातले कित्येक महिने गिऱ्हाईक म्हणूनच बाजारात उभा असतो. तेव्हा रेशन उठवून त्याचे भले होणार नाही. खरे गाऱ्हाणे असे, की या राज्यात पिकणारी ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तूर सरकार पुरेशी खरेदी करीत नाही. इथला शेतकरी भावाअभावी ज्वारी सोडून देतो, आणि त्याच्याच घरात परप्रांतातला गहू-तांदूळ येतो. शेतकरी आणि शेतमजूर या दोघांच्याही मागणीचे उत्तर इथल्या धान्याची इथेच हमीभावाने खरेदी आणि इथेच वाटप यात आहे.

तिसरा आक्षेप गळतीचा. तो खोटा म्हणता येणार नाही. 2004-05 मध्ये देशातील रेशनचे निम्म्याहून अधिक धान्य लोकांपर्यंत पोहोचतच नव्हते, असे अभ्यासकांचे अंदाज होते. गोदामातून निघालेला ट्रक दुकानाऐवजी पिठाच्या गिरणीत उतरतो, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. पण चोरी झाली म्हणून घरच उडवून द्यायचे काय? छत्तीसगडने 2004 नंतर रेशन दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गट यांच्याकडे दिली, धान्य दुकानापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी सरकारकडे घेतली आणि बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांना यादीत घेतले. जिथे निम्मे धान्य बुडत होते, तिथे 2009-10 पर्यंत बुडणारा वाटा सुमारे दहा टक्क्यांवर आला. ज्या व्यवस्थेत गावातल्या बहुतेकांचा वाटा असतो, तिच्यावर लक्ष ठेवायलाही बहुतेकजण उभे राहतात. 1997 पासून केंद्राने मात्र नेमकी उलटी वाट धरली. लोकांना दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे असे विभागले, महाराष्ट्राने 1999 मध्ये पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे काढली, आणि गावातील माणसे एकत्र येऊन दुकानदाराला जाब विचारण्याऐवजी शेजाऱ्याला पिवळे कार्ड कसे मिळाले, याचा शोध घेऊ लागली. तमिळनाडूने ही विभागणी स्वीकारली नाही, आणि तेथील रेशन आजही सर्वांसाठी आहे.

चौथा पक्ष म्हणतो, धान्य कशाला, रोख पैसे द्या. 2015 मध्ये शांताकुमार समितीने कायद्याचे लाभार्थी 67 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आणण्याची आणि हळूहळू रोखीकडे वळण्याची शिफारस केली. रोख रकमेचा पर्याय आणि लाभार्थींची कपात ही दोन्ही एकाच अहवालात यावीत, हा योगायोग नाही. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. मराठवाडा आणि विदर्भ यांतील शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून स्वस्त धान्य मिळत होते. 2023 मध्ये ते बंद करून त्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये बँक खात्यात देण्याचे ठरले. 5 किलोसाठी 150 रुपये म्हणजे किलोला 30 रुपये. ज्वारीचा भाव वाढला तरी 5 किलोचे 5 किलोच राहतात. 150 रुपयांचे मात्र दरवर्षी कमी होत जाते. शिवाय धान्य गावातल्या दुकानात येते, त्याचा ट्रक सर्वांना दिसतो, आणि तो आला नाही तर गाव ओरडते. खात्यात न आलेला पैसा एकेकट्याला बँकेच्या खिडकीशी उभे करतो. ज्या हक्कासाठी माणसे एकत्र येऊ शकत नाहीत, तो हक्क फार काळ टिकत नाही.

आणि पैसा कोठून आणायचा? अन्न अनुदानावर 2024-25 च्या अंदाजपत्रकात सुमारे 2 लाख कोटी रुपयांची तरतूद होती. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांवरील कर कमी केला, तेव्हा वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचे उत्पन्न सोडून द्यावे लागेल असे खुद्द सरकारनेच सांगितले होते. त्या दिवशी कोणीही कंपन्यांना फुकटे म्हटले नाही. उलट शेअरबाजाराने दिवाळी साजरी केली. शिवाय रेशनवरचे कुटुंब काडेपेटीपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक खरेदीत कर भरते. करदाता आणि रेशनवाला ही दोन वेगळी माणसे आहेत, हा समज तितकाच खोटा आहे.

आणखी एक आक्षेप चळवळीच्या आतून येतो, आणि कार्यकर्त्यांना तोच जास्त अस्वस्थ करतो. फुकट धान्याच्या थैलीने लढ्याची धार बोथट होते, रोजगार आणि रास्त मजुरी या मूळ मागण्या मागे पडतात, लोक मत देऊन मोकळे होतात, असे अनेक निष्ठावंत कार्यकर्ते खाजगीत बोलतात. ही शंका निराधार नाही. 1983 मध्ये आंध्रात एन. टी. रामाराव यांच्या दोन रुपये किलो तांदळाने निवडणुकीचा आणि भाताच्या ताटाचा संबंध सर्व पक्षांना शिकविला. महाराष्ट्रात 1995 मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर, 2020 मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी, 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांचा आनंदाचा शिधा आला. यांतल्या प्रत्येक घासाने कोणाची तरी भूक भागली, आणि त्या घासाची थट्टा करण्याचा अधिकार भरल्या पोटीच्यांना नाही. पण सरकारबरोबर येणाऱ्या आणि सरकारबरोबर जाणाऱ्या योजनेत आणि कायद्याने मिळालेल्या हक्कात जे अंतर आहे, ते लोकांना समजावून सांगण्याचे काम कार्यकर्त्यांचे होते. ते झाले नाही, म्हणून थैलीवर छायाचित्र छापणाऱ्यांचे फावले.

मोफत धान्याच्या घोषणेत काय दडले, हे पाहिले म्हणजे या अंतराचे मोल कळते. एप्रिल 2020 मध्ये महासाथीच्या काळात कायद्यातील 5 किलोखेरीज माणशी आणखी 5 किलो धान्य मोफत देण्यास सुरुवात झाली. मधला काही काळ वगळता डिसेंबर 2022 पर्यंत हे चालले. 1 जानेवारी 2023 पासून जादा 5 किलो बंद झाले आणि कायद्यातील 5 किलो तेवढे मोफत झाले. 1 जानेवारी 2024 पासून ही मोफत व्यवस्था पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली. म्हणजे गरिबाचे महिन्याला 10 ते 15 रुपये वाचले आणि 5 किलो धान्य गेले. पाच जणांच्या घरात 50 किलो येत होते, तिथे 25 येऊ लागले. धान्य निम्मे झाल्यावर देशभर आभाराचे फलक लागले, आणि विरोधी पक्षांपैकी फार थोड्यांनी हा हिशेब गावोगावी मांडला.

ज्यांना हे निम्मेही मिळत नाही, त्यांची संख्या मोठी आहे. कायद्याचे लाभार्थी 2011 च्या जनगणनेवरून ठरले. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे लोकसंख्या वाढली तरी कोटा तिथेच थिजला. या एका कारणाने 10 कोटींहून अधिक लोक हक्काला मुकले असावेत, असा अंदाज अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी 2020 मध्ये मांडला. नव्याने लग्न होऊन आलेली सून, घरात जन्मलेले मूल, शहरात आलेले ऊसतोडीचे किंवा बांधकामावरचे कुटुंब यांना कोटा संपला हे उत्तर ऐकावे लागते. त्यात यंत्राची भर पडली. खडी फोडून आणि भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचाच अंगठा ई-पॉस यंत्र ओळखत नाही. 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. आधारला न जोडलेले रेशनकार्ड रद्द झाल्याने घरात अन्न नव्हते, असे कुटुंबाचे म्हणणे होते. मृत्यू मलेरियाने झाला, असे शासन म्हणाले. कारण कोणतेही धरले, तरी कार्ड रद्द करणाऱ्या व्यवस्थेने त्या घरात धान्य आहे की नाही, हे विचारले नव्हते, ही गोष्ट उरतेच.

पोट भरणे आणि पोषण होणे यांतही अंतर आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती आणि 25 टक्क्यांहून अधिक मुले उंचीच्या मानाने कृश होती. देशातील एका श्रीमंत राज्याची ही अवस्था आहे. मेळघाट आणि जव्हार-मोखाडा यांची नावे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात आणि दिवाळीपर्यंत विसरली जातात. केवळ गहू-तांदळाने ही मुले वाढणार नाहीत. त्यांना डाळ, तेल, अंडी, दूध हवे. अंगणवाडी सेविकेला वेळेवर मानधन हवे. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यात मजुरीला जावे लागू नये अशी मदत हवी. कायद्यात मातृत्वासाठी किमान 6000 रुपयांची तरतूद आहे, हे किती बायांना माहीत आहे?

तेव्हा गरिबांना सरकारने अन्न द्यावे की नाही, हा प्रश्न समाजवादी पक्षापुढे मुळात नाहीच. ज्या व्यवस्थेत अन्न पिकविणारा शेतमजूर स्वतः अर्धपोटी राहतो, ती व्यवस्था बदलेपर्यंत त्याने उपाशी थांबावे असे सांगणारा समाजवाद पुस्तकी आहे. आणि महिन्याच्या पिशवीवर समाधान मानून रोजगार, मजुरी आणि जमीन यांच्या मागण्या गुंडाळून ठेवणारा समाजवाद तर समाजवादच नव्हे. शिधा हे लढ्याचे साध्य नाही, पण लढणाऱ्याची ती शिदोरी आहे. ती शिदोरी मजबूत करण्याच्या मागण्या स्पष्ट आहेत : रेशन सर्वांसाठी खुले असावे, धान्याचे प्रमाण वाढावे, त्यात स्थानिक भरड धान्य, डाळ आणि तेल यांचा समावेश व्हावा, आणि अंगठा जुळला नाही या कारणास्तव कोणालाही परत पाठवू नये.

मागण्यांचे ठराव शहरातल्या सभागृहांत पुष्कळ झाले. काम गावात आहे. कायद्याने दक्षता समित्या, सामाजिक अंकेक्षण, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग यांची तरतूद केली आहे. ठरलेले धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागण्याचा हक्कही दिला आहे. यांतील बरेचसे कागदावर आहे, कारण मागणारे कोणी नाही. प्रत्येक शाखेने येत्या ग्रामसभेत लाभार्थींची यादी मोठ्याने वाचून घ्यावी. ज्यांची नावे नाहीत त्यांचे अर्ज तिथेच भरावेत, पोच घ्यावी, आणि पुढच्या महिन्यात दुकानापुढे उभे राहून किती आले व किती वाटले याचा हिशेब फळ्यावर लिहायला लावावा. त्या रांगेत उभी असलेली म्हातारी पिशवी पुढे करताना मान खाली घालते. तिने आयुष्यभर दुसऱ्याची शेते निंदली आहेत. ती जे घ्यायला आली आहे ते तिचेच येणे आहे, हे तिच्या शेजारी उभे राहून सांगण्याचे काम कार्यकर्त्याचे आहे.